न डोलणारी रेघ

माझ्याकडून एक ठिपका हरवला होता. हरवला असंही लॅबमध्ये कुणी म्हणत नव्हतं. तो मुळात नव्हताच, मला भास झाला, असं सगळ्यांचं सौम्य मत पडलं होतं. सौम्य मताचा मला जास्त राग येतो. कुणी तोंडावर खोटारडी म्हणालं असतं तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. इथं सगळे माझ्याशी तापातून उठलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते.

हा ठिपका म्हणजे क्वांटम डॉट. एका स्फटिकाच्या गुळगुळीत तळावर दुसऱ्या पदार्थाचे अणू अलगद सोडले की ते जागोजागी गोळा होऊन इवलाले ढीग करतात. त्या ढिगांवर पुन्हा पहिल्या पदार्थाचा थर चढवायचा आणि ते पुरून टाकायचे. एका ढिगात काही हजार अणू, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. पण ती चिप अतिशय थंड केली आणि तिच्यावर लेझर टाकला की एकेक ढीग आपापल्या रंगात चमकतो आणि कॅमेऱ्यात ठिपक्यासारखा दिसतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जेवायला जायचं विसरले. करंगळीच्या नखाएवढ्या चिपवर इतके दिवे, आणि प्रत्येकाचा रंग शेजाऱ्यापेक्षा जरासा वेगळा. आपण हे केलं, असं वाटलंच नाही. आपण फक्त झाकण उघडलं, असं वाटलं.

मागच्या गणपतीत घरी, डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर गेले होते. बाबा परसदारी दोरी वळत बसले होते आणि आई चुलीवर पाणी तापवत होती. बाबा म्हणाले, “तू नक्की करतेस काय गो तिथं? लोक इचारतात. मी सांगतो, पोरगी उजेडावर काम करते. पुढं काय सांगू?”

त्यांना टाळायचं नव्हतं. मी म्हटलं, “एका ठिपक्यातून उजेडाचे दोन कण निघतात, एकापाठोपाठ. माळ्यावरून दोन पायऱ्या उतरून खाली यावं तसं. पहिली पायरी उतरली की एक कण, दुसरी उतरली की दुसरा. आता उतरायला शिड्या दोन आहेत. एका शिडीनं आलं तर दोन्ही कण आडवे डोलत निघतात, दुसरीनं आलं तर दोन्ही उभे.”

“मग कुठल्या शिडीनं येतात?”

“तीच गंमत आहे. ठिपका सगळ्या बाजूंनी सारखा असला तर दोन्ही शिड्या अगदी सारख्या. कुठून उतरला हे मला कळत नाही, यंत्राला कळत नाही. त्या कणांचंही ठरलेलं नसतं. आडवा की उभा, दोघांचंही ठरलेलं नाही. आणि तरी ते एकमेकांपासून कितीही लांब गेले आणि एकाला पकडून पाहिलं, तो आडवा निघाला, तर दुसराही आडवाच निघतो.”

“आधीच ठरवून निघत असतील.”

“मोठमोठे शास्त्रज्ञही असंच म्हणाले होते, बाबा.”

“मग?”

“मग लोकांनी मोजून पाहिलं. ठरवून निघालेले नसतात.”

बाबांचा वळता हात थांबला. “ठरल्यालं नाय, तरी जुळतं?”

“हो.”

ते मग हळूच “बाप रे” म्हणाले आणि पुन्हा दोरी हातात घेतली. खरं सांगायचं तर इतकी वर्षं शिकून माझीही मजल त्या “बाप रे”च्या पुढं फारशी गेलेली नाही. गणित येतं, पण गणित सोडवून झालं की शेवटी मीही तिथंच येऊन बसते.

“आन् ठिपका लांबट निघाला तर?” त्यांनी विचारलं.

“तर एक शिडी केसभर उंच होते. त्या वाटेनं आलेल्या कणाचा रंग केसभर वेगळा येतो. रंगावरून सांगता येतं कुठून उतरला ते. आणि सांगता आलं की जोडी मोडली.”

“कुणी बघितलं नाय तरी?”

“कुणी बघितलं नाही तरी. कळायची सोय असली तरी पुरे.”

आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. “मग गोल करा की,” ती म्हणाली. “भाकरी थापताना फिरवायची राहिली की लांबट व्हते. फिरवत ऱ्हायचं.” मी तिला सांगितलं की हे अणू हातात येत नाहीत. नेहमीच्या स्फटिकावर ते एका दिशेनं झरझर धावतात आणि दुसऱ्या दिशेनं अडखळतात, म्हणून ढीग लांबट होतो. पण स्फटिक वेगळ्या अंगानं कापला तर त्याच्या पाठीवर तिन्ही दिशा सारख्या असतात, आणि तिथं ढीग तीन कोनी होतो. आमची लॅब त्याच खटपटीत होती. आईनं विचारलं, “तीन कोनी चालतं?” मी म्हटलं, “चालतं. गोलच पाहिजे असं नाही. थोडं फिरवल्यावर पुन्हा पहिल्यासारखं दिसलं की झालं.” तिनं चुलीकडं पाहिलं आणि म्हणाली, “म्हंजे चुलीचं तीन दगड.” मी इतक्या जणांना फळ्यावर आकृत्या काढून समजावलं होतं आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मी जराशी चिडलेच.

पण तीन कोन सरसकट सारखे येत नाहीत. एखादा कोन बोथट होतो, एखादी बाजू लांबते. आणि ठिपका पुरलेला, म्हणजे आकार डोळ्यानं पाहता येत नाही. मग त्याच्या उजेडालाच विचारावं लागतं. त्याचा उजेड यंत्रातून गेला की पडद्यावर एक उभी रेघ उमटते. उजेडाच्या वाटेत काचेची एक गोल चकती असते, ती हळूहळू फिरवायची. ठिपका लांबट असेल तर चकती फिरेल तशी ती रेघ डावीकडं जाते, उजवीकडं येते, डोलत राहते. ठिपका सारखा असेल तर ती डोलत नाही. माझं काम एवढंच होतं, चकती फिरवायची आणि रेघ बघायची. सात महिने मी डोलणाऱ्या रेघा बघितल्या. जास्त डोलणाऱ्या, कमी डोलणाऱ्या. स्वप्नातसुद्धा डोलायच्या.

चिपवर सोन्याच्या बारीक रेषांनी चौकोन पाडले होते, खाचरांसारखे. त्यांच्यावर आकडे कोरायचे होते, पण ते सोनं नीट चिकटलं नाही आणि निघून गेलं. एका कोपऱ्यात बाणाची खूण तेवढी राहिली. त्या बाणापासून ओळी मोजायच्या, मग ओळीत चौकोन मोजायचे. माझ्या गाइड मॅडमनी मला चौकोनांची एक यादी करून दिली होती, चिपच्या सगळ्या भागांतले थोडे थोडे यावेत अशी. मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, चिप सरकवणारे स्क्रू फिरवत फिरवत पुटपुटत मोजायची, यादीतला चौकोन गाठायची आणि त्यातल्या ठिपक्यांची नोंद वहीत करायची.

एका सकाळी सातव्या ओळीतल्या बाराव्या चौकोनात डाव्या कोपऱ्याजवळ एक ठिपका लागला. चकती फिरवली. रेघ जागची हलली नाही. मला वाटलं चकती अडकलीय. हात लावून पाहिलं, फिरत होती. पुन्हा पूर्ण फेरा दिला. रेघ आहे तिथं. बाकीच्या ठिपक्यांच्या रेघा त्याच पडद्यावर डोलत होत्या आणि ही एक मधोमध ताठ उभी. मी खुर्ची मागं ढकलून उठले आणि काय करावं ते न सुचून परत बसले. त्या स्फटिकाच्या पोटात, कुणी न थापता, कुणी न फिरवता, हजारो अणू आपले आपण येऊन असे बसले होते की तिन्ही अंगांनी काही फरक राहिला नव्हता. मी वहीत लिहिलं, ओळ सात, चौकोन बारा, डावा कोपरा, डोलत नाही. खाली दोन रेषा ओढल्या.

दुसऱ्याच दिवशी थंड करण्याच्या यंत्राची दुरुस्ती निघाली. चिप बाहेर काढावी लागली. ती पुन्हा आत जाऊन थंड होईपर्यंत मॅडमनी दुसऱ्या एका लॅबमधून एकेक प्रकाशकण टिपणारे दोन डिटेक्टर दहा दिवसांसाठी मागून आणले. माझ्या एका नोंदीवर विश्वास ठेवून आणले. या डिटेक्टरांनी ठिपक्यातून निघालेल्या दोन कणांची जोडी खरंच जुळते का ते मोजायचं होतं. दहा दिवसांनी ते परत जाणार, आणि पुन्हा कधी मिळतील याचा नेम नाही.

लॅबमधला सीनियर माझ्या शेजारी बसला. त्यानं स्क्रू फिरवले, मी मोठ्यानं मोजलं, वन, टू, थ्री. सातवी ओळ, बारावा चौकोन. आतल्या एकूण एक ठिपक्यांच्या रेघा डोलत होत्या. डाव्या कोपऱ्याजवळ तर ठिपकाच नव्हता. आम्ही पुन्हा बाणापासून मोजलं, तोच चौकोन आला. चुकून शेजारचा असेल म्हणून वरचा पाहिला, खालचा पाहिला, डावा-उजवा पाहिला. प्रत्येक चौकोनात इतके ठिपके, प्रत्येकाला चकतीचा पूर्ण फेरा. सहा दिवस गेले.

सहाव्या दिवशी सीनियर म्हणाला, “बघ, कधी कधी आपल्याला जे हवं असतं ते दिसतं. माझंही झालंय एकदा.” तो चांगल्या मनानं बोलला. मला मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ठिपका गेला तर दुसरा शोधता आला असता. पण मी पाहिलं त्यावरचा विश्वासच गेला की मागं काय राहतं? मॅडमनी वही चाळली, त्या दोन रेषांपाशी थांबल्या आणि वही मिटली. मग म्हणाल्या, “तुझ्या घरी रास मोजायची आहे म्हणत होतीस ना? दोन दिवस जाऊन ये. डोकं जरा थंड होईल.” मला वाटलं, आता या डिटेक्टर परत पाठवणार. मी पिशवी भरली आणि निघाले. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटी धरली, आणि सबंध वाटेत मनातल्या मनात भांडत होते.

आमच्या घरी भात झोडून, वारवून झालं की खळ्यावर रास करतात आणि घरातलं प्रत्येक माणूस बसल्याशिवाय ती मोजत नाहीत. भाऊ भिवंडीच्या गोदामातून सुट्टी काढून आला होता. आता पुढं सगळं भात काट्यावरच जातं, आमचंही जातं, पण पोत्यात भरायच्या आधी बाबा एकदा लाकडी पायलीनं मोजतात. मोजणारा सोडून कुणी बोलायचं नाही आणि रास संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. आई पदर तोंडाला लावून बसते, शिंक आली तर दाबायला.

दुपारचं ऊन होतं. राशीभोवती राखेची रेघ ओढलेली, वर झेंडूचं फूल. बाबांनी पहिली पायली भरली, तळव्यानं सपाट केली, “लाभ” म्हणाले आणि ती बाजूच्या सुपात ओतली. ती गावदेवाची. ती मोजणीत धरत नाहीत. दुसरी भरली, “एक.” तिसरी, “दोन.” माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. लहान होते तेव्हापासून हलतात, मला कळतही नाही. “तीन.” “चार.” “पाच.” “सहा.” सातला माझे ओठ थांबले.

लॅबमध्ये मी सकाळी एकटी असताना असंच पुटपुटत होते. डोळ्यांसमोर स्वच्छ दिसलं. बाणाजवळचा काठाचा चौकोन नेहमी चिमट्यानं खरवडलेला, त्याच्यावर आले की मी मनात म्हणायची, लाभ. आणि स्क्रू फिरवून पुढं सरकायची. मग एक, दोन, तीन. ओळी मोजतानाही तेच, पहिली ओळ सोडलेली. सात महिने मी चिपच्या प्रत्येक ओळीतला पहिला चौकोन गावदेवाला ठेवत आले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सीनियर शेजारी बसला तेव्हा मात्र तोंडातून शाळेतलं वन, टू, थ्री आलं. माझी सातवी ओळ खरी आठवी होती. माझा बारावा चौकोन खरा तेरावा. वरचा, खालचा, डावा, उजवा, सगळे शेजारी पाहिले होते. तिरका पाहिला नव्हता.

मी उठणार तेवढ्यात आईनं डोळे वटारले. मग बसले. रास अर्धीही झाली नव्हती. आयुष्यात इतकी लांब दुपार मी काढलेली नाही. आत नुसती उकळी फुटत होती आणि तोंड बंद. पहिल्यांदा आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ वहीतली सगळी पानं डोळ्यांसमोर आली. एक नोंद नव्हे, सबंध वहीच सरकलेली होती. जाऊन सांगायचं म्हणजे सात महिन्यांच्या कामावर आपल्याच हातानं काट मारायची. न सांगता नुसता आठव्या ओळीतला तेरावा चौकोन “सहज पाहिला” म्हणून दाखवता आला असता. तो विचार आला, नाही असं नाही. बाबांचा हात राशीत जात होता, भरून येत होता, सपाट होत होता, एक दाणा इकडचा तिकडं होत नव्हता. त्या हाताकडं बघून मला स्वतःची लाज वाटली. मी ठरवलं, सगळं सांगायचं.

रास संपली तेव्हा ऊन डोंगरावर गेलं होतं. मी सगळं एका दमात सांगितलं. भाऊ पोट धरून हसला. आई मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याची. तिच्या माहेरी पहिल्या पायलीला लाभ म्हणतात पण ती मोजणीत धरतात, दुसरीला सरळ दोन म्हणतात. यावरून तिचं आणि बाबांचं लग्न झाल्यापासून जमलेलं नाही. तिला तर आयतीच संधी मिळाली. “माज्या माहेरासारखं मोजलं असतंस तर हरवलाच नसता तुजा ठिपका,” ती म्हणाली. “सांगून सांगून थकले मी या घरात.” बाबांनी सूप उचललं आणि गावदेवाकडं निघून गेले. त्यांना लागलं की काय, असं वाटून मला वाईट वाटलं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. लॅबमध्ये पोचले, पिशवीही खाली न ठेवता मॅडमना म्हटलं, “मॅडम, माझी सगळी वही एक घर सरकलेली आहे.”

“कुठल्या बाजूला?”

“दोन्ही बाजूंना. ओळीतही, चौकोनातही.”

त्यांनी चष्मा काढला. मी पायलीचं, सुपाचं, गावदेवाचं सगळं सांगितलं. सीनियर हसायला लागला तशी मॅडम म्हणाल्या, “आधी चौकोन बघू. हसायचं नंतर.”

आठवी ओळ, तेरावा चौकोन. डाव्या कोपऱ्याजवळ ठिपका होता, त्याच्या शेजारचे दोन मंद ठिपकेही मला आठवत होते तसेच होते. मी चकतीला हात लावला नाही, सीनियरला म्हटलं, “तू फिरव.” त्यानं फिरवली. रेघ हलली नाही. त्यानं उलटी फिरवली. मग सावकाश एक पूर्ण फेरा दिला, पडद्याला नाक लावून. रेघ तिथंच. तो म्हणाला, “सॉरी.” मी म्हटलं, “असू दे.” मनात मात्र लगेच असू दिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण जीव भांड्यात पडला आणि मी पिशवी तेव्हा कुठं खाली ठेवली.

मग डिटेक्टर जोडले, टेबलाच्या दोन टोकांना एकेक. आधी आडव्या-उभ्यात मोजलं. एका टोकाला आडवा तर दुसऱ्या टोकालाही आडवा, इकडं उभा तर तिकडंही उभा. यात विशेष काही नाही, लांबट ठिपक्यांचे कणसुद्धा इथं जुळतात. खरी परीक्षा तिरक्यात. आडव्याउभ्याच्या बरोबर मधे कललेल्या कोनात पाहिलं की लांबट ठिपक्याची जोडी ढेपाळते, कोण कुणाचा ते कळेनासं होतं. मॅडमनी डिटेक्टरांसमोरच्या चकत्या तिरक्या केल्या. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. आकडे साचायला लागले. एका टोकाला या अंगानं कललेला तर दुसऱ्या टोकालाही त्याच अंगानं, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. नंतर गोल फिरणाऱ्या उजेडासाठी पाहिलं. तिथं गणित सांगतं की ते एकमेकांच्या उलट निघायला हवेत, एक डावीकडं फिरणारा तर दुसरा उजवीकडं. तसेच निघाले.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. तरी ते टेबलावर घडताना मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्या कणांना माहीत नव्हतं की आम्ही आज आडवं विचारणार की तिरकं विचारणार की गोल विचारणार. काही ठरवून ते निघाले नव्हते, आणि तरी कुठल्याही भाषेत विचारा, दोघांचं उत्तर जुळत होतं. आणि हे का, तर एका धुळीच्या कणाहून कितीतरी लहान ढिगाच्या तीन बाजू सारख्या होत्या म्हणून. बाजू एवढीशी इकडची तिकडं झाली असती तर यातलं काही नसतं. मी पदवी घेतली, फेलोशिप घेतली, पण इतकं मोठं काही इतक्या लहान जागेत मावतं यावर माझा पुरता विश्वास त्या दिवशी बसला. सीनियर म्हणाला, “बाप रे.” मी त्याच्याकडं पाहिलं आणि मनातला राग खरंच गेला.

संध्याकाळी मॅडमनी माझी वही मागून घेतली. मला वाटलं आता काट बसणार. त्यांनी पहिल्या पानावर आपल्या अक्षरात लिहिलं, “या वहीतला प्रत्येक पत्ता दोन्ही बाजूंनी एक घर पुढचा समजावा. नोंदी खऱ्या आहेत.” खाली सही केली. मी ते दोन-तीनदा वाचलं आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

मग घरी फोन लावला. आईनं उचलला. मी सांगितलं, सापडला, जोडी जुळली, तिरक्यातही जुळली. तिला तिरक्याचं काय ते कळलं नाही, पण माझ्या आवाजावरून बाकी सगळं कळलं. “तरी माज्या माहेरासारखं मोजलं असतंस तर एवढा जिवाला घोर लागला नसता,” तिनं पुन्हा सुनावलं. मागून बाबांचा आवाज आला, दे इकडं म्हणून. काल खळ्यावरून गप्प उठून गेलेले, ते आज बोलायला आले होते.

“मला एक सांग गो,” ते म्हणाले. “तुज्या बाईनी तुला यादी दिल्ती ना? कुठला कुठला चौकोन बघायचा त्याची?”

“हो.”

“मग तुज्या आईसारखं मोजलं असतंस तर यादीतलंच चौकोन बघितलं असतंस. ह्यो ठिपका तुला गावला असता का?”

मी फोन कानाला तसाच धरून टेबलापाशी गेले आणि खणातून मॅडमची यादी काढली. वरपासून खालपर्यंत वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. आठव्या ओळीतला तेरावा चौकोन तिच्यात कुठंच नव्हता.